बँकेचं सॉफ्टवेअर बदलताना: टेक्नॉलॉजी कन्सल्टिंगमधला एक कामाचा दिवस

मुंबई-ठाण्यात आज एखादी सोसायटी अशी सापडणार नाही, जिथे कुणाचा तरी मुलगा, सून नाहीतर भाची टेक्नॉलॉजी कन्सल्टिंगमध्ये नाही. "काय करते ती?" असं विचारलं तर "आयटीत आहे, बँकेचं काहीतरी बघते" एवढंच उत्तर मिळतं. घरच्यांना दिसतो तो लॅपटॉप, कानातला हेडफोन आणि रात्री आठ वाजता बंद दाराआड चाललेला कॉल. मी बँकांच्या सॉफ्टवेअर प्रकल्पांवर बिझनेस अ‍ॅनालिस्ट म्हणून काम करते, म्हणजे सॉफ्टवेअरने नेमकं काय करायचं ते बँकेकडून समजून घेऊन लिहून देते. बारावीनंतरची मुलं आणि त्यांचे आईवडील या कामाबद्दल जे धरून चालतात ते बरंचसं अपुरं असतं, म्हणून एका साध्या दिवसाच्या आधाराने ते उलगडून सांगते आहे. दिवसभर कोडिंग चालतं असा सर्वसाधारण समज आहे. कोडिंग चालतंच, पण खरा वेळ आणि पैसा जातो तो नेमकं काय लिहायचं हे ठरवण्यात.

आधी मूळ प्रश्न: बाहेरच्या माणसांना बोलवायचं कशाला? बँकेचा धंदा ठेवी घेण्याचा आणि कर्ज देण्याचा. तिला मुख्य सॉफ्टवेअर बदलायची वेळ कित्येक वर्षांतून एकदा येते. तेवढ्यासाठी पाच-पन्नास जाणकार कायमचे पगारावर ठेवणं परवडत नाही. त्यापेक्षा हेच काम आधी दोन-चार ठिकाणी केलेली कंपनी दीड-दोन वर्षांसाठी नेमली की काम होतं. ती कंपनी माणसं आणते, जुनी पद्धत समजून घेते, नवी यंत्रणा उभी करते, चालू करून देते आणि निघते. टेक्नॉलॉजी कन्सल्टिंग ते हेच. विमा कंपनी असो, औषध कारखाना असो की सरकारी खातं, तपशील बदलतो, सांगाडा साधारण हाच राहतो.

मुंबईला हे काम नवीन नाही. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस १९६८ मध्ये इथेच सुरू झाली. टिस्को या टाटांच्याच पोलाद कंपनीसाठी पंचकार्डांवरची कामं आणि सेंट्रल बँक ऑफ इंडियासाठी आंतरशाखा ताळमेळाची यंत्रणा ही तिची सुरुवातीची कामं होती. एका शाखेने दुसऱ्या शाखेच्या नावे टाकलेली रक्कम तिकडे पोचली की नाही, हे जुळवण्याची ती यंत्रणा. १९७३ मध्ये अंधेरीला सीप्झ, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स निर्यातीसाठीचं खास क्षेत्र, आलं. सिटी बँकेच्या इथल्या सॉफ्टवेअर कंपनीतून पुढे आय-फ्लेक्स उभी राहिली, तिचं फ्लेक्सक्यूब हे बँकिंग सॉफ्टवेअर जगभरच्या बँकांनी घेतलं आणि २००५ मध्ये ओरॅकलने तिच्यात मोठा हिस्सा विकत घेतला. रिझर्व्ह बँक फोर्टात, शेअर बाजारावर देखरेख करणारी सेबी आणि यूपीआय चालवणारी एनपीसीआय वांद्रे-कुर्ला संकुलात, शेअर बाजार दलाल स्ट्रीटवर. त्यामुळे मुंबईतल्या कन्सल्टिंगचा पिंड बँका आणि पैशांच्या व्यवहारांवर पोसलेला आहे. म्हणून उदाहरणही तेच घेते. मुंबईतली एक मोठी नागरी सहकारी बँक जुनं सॉफ्टवेअर सोडून नवं घेते आहे, अशी कल्पना करा.

दिवसाची सुरुवात प्रवासाने होते, आणि त्यात सांगण्यासारखं काही नाही. ऐरोली, पवई, गोरेगाव, मालाड, विक्रोळी, जिथे ऑफिस असेल तिथे गर्दीतून पोचायचं. आठवड्यातले काही दिवस ऑफिसात, काही घरून आणि काही थेट बँकेच्या हेड ऑफिसात, असं बहुतेक ठिकाणी चालतं.

दहाच्या सुमाराला टीमची छोटी मीटिंग होते, तिला स्टँड-अप म्हणतात. काल काय झालं, आज काय करणार आणि कुठे अडलंय, हे प्रत्येकाने सांगायचं. पंधरा मिनिटांत आटपली पाहिजे. टीममध्ये प्रोजेक्ट मॅनेजर असतो, माझ्यासारखे दोन-तीन बिझनेस अ‍ॅनालिस्ट (बीए), डेव्हलपर, टेस्टर आणि जुना डेटा नव्या यंत्रणेत आणणारी एक छोटी तुकडी. यातलं सगळ्यात मोलाचं वाक्य "अडलंय" हे असतं. नवीन लागलेली मुलं ते सांगायला लाजतात. सगळं सुरळीत आहे म्हणतात आणि गुरुवारी कळतं की सोमवारपासून काम हललेलंच नाही. चांगला मॅनेजर अशा वेळी ओरडत नाही, तर ज्याच्याकडे उत्तर आहे त्याला फोन लावून देतो.

अकरा वाजता बँकेत मीटिंग. विषय: मुदत ठेवी. इथे जरा थांबून सांगते, कारण या कामाचा गाभा याच दोन तासांत आहे.

टेबलाच्या एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला ठेव विभागाचे मॅनेजर, आयटी विभागातले एकजण आणि ठेवींच्या काउंटरवर वर्षानुवर्षं काम केलेल्या एक ताई. मी पहिला प्रश्न विचारते, "ज्येष्ठ नागरिकांना अर्धा टक्का जादा व्याज आहे. वय कुठल्या तारखेला मोजायचं?"

"ठेव ठेवली त्या दिवशी," मॅनेजर सांगतात. "त्यात काय एवढं!"

"आणि आपोआप रिन्यू झाली तर?"

मॅनेजर ताईंकडे बघतात. ताई म्हणतात, "तेव्हा वय परत बघावं लागतं ना, सर. मधल्या काळात साठी पूर्ण झाली असली तर आपलं सॉफ्टवेअर जुन्याच दराने रिन्यू करतं. मी दर महिन्याच्या एक तारखेला यादी काढते आणि हाताने दर बदलते."

"यादी कुठून काढता, ताई?"

"माझी एक एक्सेल आहे."

ही एक्सेल म्हणजे त्या दिवसाची कमाई. बँकेने दिलेल्या कुठल्याही कागदात तिचा उल्लेख नसतो. मॅनेजरना ती माहीत नसते, आयटी विभागाला तर नाहीच नाही. नवं सॉफ्टवेअर कागदावरच्या नियमाप्रमाणे बांधलं असतं, तर चालू झाल्यावर महिन्याभरात साठी ओलांडलेले ठेवीदार पावती घेऊन काउंटरवर आले असते आणि बोलणी ताईंनी खाल्ली असती. जुन्या यंत्रणेतल्या उणिवा माणसं आपापल्या परीने भरून काढत असतात आणि त्याची त्यांना इतकी सवय झालेली असते की ते वेगळं काम आहे असंही त्यांना वाटत नाही. म्हणून मीटिंगला फक्त साहेब लोक आले तर मी हट्टाने सांगते, प्रत्यक्ष काउंटरवर बसणाऱ्या कुणाला तरी बोलवा. हा हट्ट प्रत्येक बीएने धरावा असं माझं ठाम मत आहे.

एकदा प्रश्न सुरू झाले की शेपूट वाढत जातं. ठेव आजी आणि नातवाच्या नावावर असेल तर वय कोणाचं धरायचं? पहिलं नाव ज्याचं, त्याचं. मुदत रविवारी संपत असेल तर? रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे त्या सुट्टीच्या दिवसाचंही ठरलेल्या दराने व्याज द्यावं लागतं आणि पैसे पुढच्या कामाच्या दिवशी मिळतात. मुदत संपली, रिन्यू करायची सूचना नव्हती आणि ठेवीदार आलेच नाहीत तर? जुलै २०२१ पासूनचा नियम असा, की मुदतीनंतरच्या काळाला बचत खात्याचा दर किंवा ठेवीचा ठरलेला दर, यांतला जो कमी असेल तो लागू होतो. दहा वर्षं कोणी फिरकलंच नाही तर ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जमा करावी लागते, आणि नंतर वारस आले तर त्यांना ती मिळवून द्यायची वाटही यंत्रणेत ठेवावी लागते. यातला प्रत्येक नियम बँकेतल्या कुणाला ना कुणाला माहीत असतो. सगळे नियम एकाच माणसाला माहीत आहेत, असं मात्र क्वचितच दिसतं.

मग डेटा मायग्रेशनवाला, म्हणजे जुना डेटा नव्या यंत्रणेत आणणाऱ्या तुकडीतला, मुलगा हळूच एक यादी पुढे करतो. जुन्या यंत्रणेतल्या कितीतरी ठेवीदारांची जन्मतारीख १ जानेवारी १९०० आहे. म्हणजे काय, तर पूर्वी खातं उघडताना जन्मतारखेचा पुरावा घेतला नव्हता, पण रकाना रिकामा सोडता येत नव्हता, म्हणून कुणीतरी ही तारीख टाकली आणि पुढे तोच प्रघात पडला. आता हा डेटा जसाच्या तसा नव्या सॉफ्टवेअरमध्ये गेला तर ही सगळी मंडळी सव्वाशे वर्षांची ठरणार आणि प्रत्येकाला ज्येष्ठ नागरिकाचा जादा दर लागणार. जुना डेटा उघडला की अशा भरीच्या तारखा, 'अबक' असे पत्ते, दहा वेळा ९ टाकलेले मोबाइल नंबर निघतात. मराठी नावं जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये साठवलेली असतील तर नव्या यंत्रणेत ती वाचताच येत नाहीत आणि आधी बदलून घ्यावी लागतात.

नावांवरून आठवलं. परदेशात तयार झालेल्या सॉफ्टवेअरमध्ये नावाचे तीन रकाने असतात: पहिलं, मधलं आणि आडनाव. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं, तेही धकून जातं. पण महाराष्ट्र सरकारच्या निर्णयानुसार १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांचं सरकारी कागदपत्रांवरचं नाव बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव अशा चार भागांत लिहिलं जातं. आता या बाळाचं खातं त्याच्या आईला उघडायचं आहे. चौथं नाव कुठे टाकायचं? एकाने मधल्या रकान्यात दोन्ही नावं टाकली, दुसऱ्याने आईचं नाव पहिल्या नावाला जोडलं, तर पुढे पॅन आणि आधारशी नाव जुळवताना गोंधळ होणार. या आईला बँकेतून परत पाठवायची वेळ येऊ नये, यासाठी आज दहा मिनिटं वाद घालणं मला योग्यच वाटतं.

दुपारी डबा. डब्यानंतर लिखाण.

लोकांना दिसत नाही ते काम हे. मीटिंगमध्ये जे ठरलं ते त्याच दिवशी लिहून बँकेला पाठवायचं: काय ठरलं, कोणी ठरवलं, काय राहिलं आणि राहिलेलं कोण कधीपर्यंत सांगणार. याला मिनिट्स म्हणतात. उद्यावर टाकलं की प्रत्येकाच्या डोक्यात मीटिंग थोडी वेगळी होत जाते. मग रिक्वायरमेंट लिहायची, म्हणजे सॉफ्टवेअरने नेमकं काय करायचं ते. बँकेच्या कागदावर असतं, "ज्येष्ठ नागरिकांना जादा दर मिळावा." हे वाक्य वाचून दहा डेव्हलपर दहा वेगळ्या गोष्टी बांधतील. मी लिहिते ते असं:

"ठेव सुरू होण्याच्या किंवा रिन्यू होण्याच्या तारखेला पहिल्या खातेदाराचं वय ६० वर्षं पूर्ण असेल, तर त्या तारखेच्या दरपत्रकातल्या दरात ०.५० टक्के मिळवावे. चालू मुदतीत ६० पूर्ण झाल्यास दर बदलू नये. जन्मतारीख नसेल किंवा १ जानेवारी १९०० असेल, तर जादा दर लावू नये आणि खातं तपासणीच्या यादीत टाकावं."

वाचायला रुक्ष आहे, मान्य. पण यातून डेव्हलपरला एकच अर्थ निघतो, आणि ताईंना वाचून दाखवलं तर त्याही "हो, असंच" म्हणतात. दोघांनाही कळेल असं लिहिता येणं हेच या नोकरीतलं मुख्य कसब आहे. ज्यांचं मराठी किंवा इंग्रजी लिखाण स्वच्छ आहे, त्यांना इथे फार वाव आहे. हे कॉलेजात कोणी सांगत नाही.

मग टेस्टर येते आणि वाक्याला टोचून बघते. वाढदिवसालाच ठेव ठेवली तर? आदल्या दिवशी? २९ फेब्रुवारीला जन्मलेला माणूस असेल तर? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मोठं छान आहे. ६० ला चारने भाग जातो, त्यामुळे लीप वर्षात जन्मलेल्या माणसाची साठी आपल्या हयातीत तरी लीप वर्षातच येते आणि २९ तारीख सापडते. पण अल्पवयीन खातेदार १८ वर्षांचा झाला की खात्याचे अधिकार त्याच्याकडे येतात, आणि १८ ला चारने भाग जात नाही. २९ फेब्रुवारी २००८ ला जन्मलेल्या मुलाला २०२६ मध्ये २९ तारीखच नाही. त्याचा अठरावा वाढदिवस २८ फेब्रुवारीला धरायचा की १ मार्चला? हे आम्ही ठरवायचं नसतं. प्रश्न बँकेच्या कायदा विभागाकडे जातो आणि मिनिट्समध्ये एक ओळ वाढते. असा प्रश्न वेळेवर विचारणारी टेस्टर टीममध्ये असणं हे भाग्य आहे.

चारच्या सुमाराला बहुतेक वेळा आकडेच समोर येतात. जुनी आणि नवी यंत्रणा काही काळ शेजारी शेजारी चालवून दोन्हींनी काढलेलं व्याज ताडून बघतात. समजा, एक लाखाची ठेव, दर ७ टक्के, सरळव्याजाने, लीप वर्षातले ९० दिवस. जुनी यंत्रणा वर्ष ३६५ दिवसांचं धरते, तिचं व्याज १,७२६ रुपये ३ पैसे. नवी लीप वर्ष ३६६ चं धरते, तिचं १,७२१ रुपये ३१ पैसे. फरक ४ रुपये ७२ पैसे. एका ठेवीदाराला तो जाणवणारही नाही. पण अशा ४०,००० ठेवी असतील तर तीन महिन्यांत एक लाख ८८ हजारांहून जास्त फरक पडतो, आणि ताळेबंदात त्याचं स्पष्टीकरण द्यावं लागतं. हा दोष कोणत्या यंत्रणेचा, हा प्रश्नच इथे चुकीचा आहे. बँकेची ठेवीदारांशी अट काय आहे ते बघायचं, ती नव्या यंत्रणेत बसवायची आणि फरकाचं कारण लेखी नोंदवायचं. सेंट्रल बँकेच्या शाखांचा ताळमेळ लावणाऱ्या त्या पहिल्या पिढीचं कामही याच जातीचं होतं.

आता पैशांबद्दल, कारण त्याशिवाय या क्षेत्रातली वागणूक कळत नाही. कंत्राट मुख्यतः दोन तऱ्हेचं असतं. एकात सगळ्या कामाची रक्कम आधी ठरते, जास्त दिवस लागले तर भुर्दंड कन्सल्टिंग कंपनीला. दुसऱ्यात माणसांच्या दिवसांचे पैसे लागतात, जितके दिवस तितकं बिल. पहिल्या प्रकारात बँक शक्य तितकं काम त्याच रकमेत बसवू पाहते आणि कंपनी "हे मूळ यादीत नव्हतं" म्हणून चेंज रिक्वेस्ट, म्हणजे जादा कामाचा जादा खर्च, पुढे करते. ताईंच्या एक्सेलचं काय होणार? तीच तर संध्याकाळची चर्चा. बँकेचं म्हणणं, ज्येष्ठ नागरिकांचा दर तुमच्या यादीत होता. आमच्या मॅनेजरचं म्हणणं, रिन्यूअलचं वय त्यात कुठे होतं? दोघंही खोटं बोलत नसतात. माझं मत विचाराल तर असे प्रश्न पहिल्या महिन्यातच बाहेर काढले तर वाद उरत नाहीत. वाद होतात ते काम अर्ध्यावर आल्यावर उघड झालेल्या गोष्टींवरून. म्हणून सुरुवातीची चौकशी घाईने उरकणं दोन्ही बाजूंना महागात पडतं.

दिवस संपताना प्रत्येकजण टाइमशीट भरतो: कोणत्या प्रकल्पावर किती तास. ज्या तासांचं बिल क्लायंटला लागतं ते बिलेबल. एक प्रकल्प संपून दुसरा मिळेपर्यंत माणूस बेंचवर असतो, म्हणजे पगार चालू, पण कंपनीला त्याच्यापोटी उत्पन्न नाही. बेंच या शब्दाची तरुण मुलांनी इतकी धास्ती घेतलेली मी बघते की वाईट वाटतं. प्रकल्प संपणं हे काम नीट झाल्याचंही लक्षण असतं, त्यात कुणाची नालायकी नसते. तो वेळ नवं शिकायला, आधीच्या कामाच्या नोंदी लावून ठेवायला दिला पाहिजे. पण महिने लोटत जातात तसा दबाव वाढतो आणि मुलं मिळेल त्या कामाला हो म्हणतात. घरच्यांनी एवढं समजून घेतलं तरी बराच आधार होतो. नोकरी घेताना बेंचवर किती दिवस ठेवतात आणि त्या काळात काय देतात, हे बिनधास्त विचारावं.

रात्रीच्या कॉलचं कोडंही सोडवते. आमच्या काल्पनिक बँकेचे सगळे इथलेच, पण अनेक टीमचे क्लायंट लंडन नाहीतर न्यूयॉर्कला असतात. लंडन आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेपाच आणि उन्हाळ्यात साडेचार तास मागे. न्यूयॉर्क साडेदहा आणि साडेनऊ तास मागे. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे आपले उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. आपलं घड्याळ वर्षभर सरळ चालतं, त्यांचं वर्षातून दोनदा तासाने सरकतं. शिवाय अमेरिका आणि ब्रिटन ते एकाच दिवशी सरकवत नाहीत, त्यामुळे मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आठवडाभर मीटिंगच्या वेळांचा पुरता घोळ होतो. या कॉलला दोन्हीकडची माणसं जागी असतात असे तास थोडेच, म्हणून ते मोलाचे. तरी सकाळी दहाला बसलेल्या माणसाने रात्री दहापर्यंत बसावं हे बरोबर नाही. ज्या टीमला उशिरापर्यंत कॉल असतात तिची सकाळ उशिरा सुरू व्हायला हवी. हे मॅनेजरच्या हातात असतं, आणि काही मॅनेजर ते कसोशीने पाळतात.

या सगळ्या दिवसांचं रूपांतर शेवटी एका शनिवार-रविवारात होतं. जुनी यंत्रणा बंद करून नवी चालू करण्याला कटओव्हर म्हणतात. १ सप्टेंबर २०१५ पासून बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते, त्यामुळे सलग दोन दिवस मिळावेत म्हणून त्यातलाच एक शनिवार निवडतात. मार्चअखेर कुणी हात लावत नाही, आणि गणपतीच्या आसपास टीममधले निम्मे कोकणात असतात हेही मुंबईत धरूनच चालावं लागतं. शुक्रवारी दिवसाचे व्यवहार बंद करायचे, सगळी खाती नव्या यंत्रणेत आणायची, जुन्या बाजूची एकूण रक्कम आणि नव्या बाजूची एकूण रक्कम पैशापर्यंत जुळवायची. याची रंगीत तालीम आधी अनेकदा झालेली असते, कुठलं पाऊल किती वाजता संपलं पाहिजे हे तक्त्यात मांडलेलं असतं. त्यातच एक ओळ अशी असते: रविवारी अमुक वाजेपर्यंत आकडे जुळले नाहीत तर माघार, सोमवारी बँक जुन्याच यंत्रणेवर उघडेल. माघारीची तयारी नसलेला कटओव्हर कुणी जबाबदार माणूस करत नाही.

पूर्वी हे तुलनेने सोपं होतं, कारण संध्याकाळी बँक खरोखर बंद व्हायची. २०१६ मध्ये यूपीआय आलं. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून चोवीस तास सुरू झालं. आता शनिवारी मध्यरात्रीही कुणीतरी रिक्षाचे पैसे फोनवरून देत असतं, कुणी हॉस्पिटलचं बिल भरत असतं. म्हणून ग्राहकांना आधी कळवून सेवा काही तास थांबवावी लागते, आणि ते तास कमीत कमी ठेवण्यासाठी बाकी सगळी कामं आधी उरकावी लागतात. गडबड झाली तर कन्सल्टिंग कंपनीकडे बोट दाखवून बँकेला सुटता येत नाही. आयटीची कामं बाहेर देण्याबद्दलचे रिझर्व्ह बँकेचे निर्देश १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाले आहेत, मोठ्या नागरी सहकारी बँकांनाही. काम बाहेर दिलं तरी ग्राहकांप्रती जबाबदारी बँकेचीच, असं त्यांचं सूत्र आहे. म्हणून आमच्या प्रत्येक कागदावर बँकेच्या अधिकाऱ्याची सही लागते आणि बँक ती वाचून करते.

हल्ली विचारणा होते ती एआयची. कोडचा कच्चा मसुदा, टेस्टच्या याद्या, मीटिंगच्या नोंदी ही कामं अशा साधनांनी झपाट्याने होऊ लागली आहेत आणि ती वापरायला शिकलंच पाहिजे. मात्र ग्राहकांचा डेटा कुठल्याही उघड्या साधनात टाकायचा नाही, ही मर्यादा पक्की. आणि ताईंची एक्सेल कुठल्याच साधनाला ठाऊक नसते, कारण ती कुठे लिहिलेलीच नाही. त्यासाठी त्यांच्या समोर बसून विचारावंच लागतं.

यंत्रणा चालू झाल्यावर टीम लगेच निघत नाही. पहिले काही आठवडे शाखाशाखांत माणसं बसवतात, हेड ऑफिसात एक खोली चोवीस तास चालू असते, येणारी प्रत्येक तक्रार नोंदली जाते आणि रोज संध्याकाळी मोजली जाते. पहिल्या महिन्याच्या एक तारखेला ठेव विभागात ताईंच्या शेजारी बसून मी त्यांची जुनी यादी आणि नव्या यंत्रणेने आपोआप बदललेले दर ओळीला ओळ ताडून बघते. सगळ्या ओळी जुळल्या की ताई सही करतात, ती रिक्वायरमेंट बंद होते, आणि कामकाज बँकेच्या सपोर्ट टीमच्या ताब्यात दिलं जातं.